रस्ता धरून चालणारी गाडी

वळण घेताना स्टिअरिंग हाताला जड लागतं. वेग जितका जास्त आणि वळण जितकं आवळलेलं, तितकं ते जड होत जातं, कारण चाकांना सरळ व्हायचं असतं आणि आपण त्यांना वळवून धरलेलं असतं. पण टायरची पकड संपायच्या थोडं आधी तेच स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. गाडीनं अजून रस्ता सोडलेला नसतो, टायर ओरडत नसतात, शेजारी बसलेल्याला काही जाणवत नसतं. फक्त चालवणाऱ्याच्या हातांना कळतं की पुढच्या चाकांकडे आता फारसं काही शिल्लक नाही. पाय जरासा उचलला की वजन पुन्हा हातात येतं.

हे असं का होतं ते समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. वळताना तिथलं रबर आडवं ताणलं जातं, आणि हा ताण टेकलेल्या भागाच्या मागच्या अर्ध्यात जास्त असतो. त्यामुळे बाजूचा जोर चाकाच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो आणि चाक सरळ व्हायला बघतं. हाताला लागणारं वजन बरंचसं त्याचं. मर्यादा जवळ आली की रबर मागच्या कडेपासून घसरायला लागतं, जोराची जागा पुढे सरकते, चाकाची सरळ होण्याची ओढ कमी होते. एकूण पकड मात्र तेव्हाही थोडी वाढतच असते. म्हणजे निरोप आधी येतो आणि घसरणं नंतर. मधल्या त्या फटीत चालवणाऱ्याला विचार करायला, पाय उचलायला, हात सैल सोडायला वेळ मिळतो.

चालवायला सुख देणारी गाडी कोणती, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर या फटीपाशी सुरू होतं. जी गाडी हा निरोप हातापर्यंत पोचवते ती. इंजिनात ताकद किती घोड्यांची, शून्यावरून शंभराला किती सेकंदांत जाते, टॉप स्पीड किती, हे सगळं नंतर. गाडीनं चालवणाऱ्याला वेळेवर आणि खरं सांगावं, आणि चालवणाऱ्यानं जेवढं मागितलं तेवढंच, त्याच मापात द्यावं. ज्या गाडीत हे जमलेलं असतं ती चाळीसच्या वेगालाही मजा देते.

आपल्याकडे गाडी घेताना जे प्रश्न विचारले जातात ते सगळे रास्तच असतात. ॲव्हरेज किती, सर्व्हिसिंगला किती जातात, रिसेल कशी आहे, डिकीत किती बॅगा मावतात, आणि आता सेफ्टीला किती स्टार. पैसे कष्टाचे असतात, गाडी घरातल्या सगळ्यांची असते. पण ती वर्षानुवर्षं, रोज तासभर, ज्याच्या हातात असणार त्याच्या वाट्याला काय येणार, हे विचारायचं राहून जातं. मला ते पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी छापून ठेवलेली असतात.

मी चिपळूणची. आता पुण्यात राहते. घरी जायला लोक ताम्हिणीनं जातात, कुणी वरंध्यानं. मला शक्य असेल तेव्हा मी कराडवरून जाते, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. याच घाटात काकांनी मला खरी गाडी शिकवली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी आठ काढायला आणि रिव्हर्स घ्यायला शिकले होते, गाडी चालवायला इथे शिकले. काकांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, चाळीसच्या आसपास घोड्यांची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकासारखी सीट, आणि हातात मोठं, पातळ रिमचं चाक. पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही. उभ्या गाडीत ते चाक फिरवायला खांद्यातून जोर लावावा लागे, पण गाडी चालायला लागली की ते सैलावे आणि मग एकेक खडा हाताला कळे.

“ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर,” काका म्हणत. “आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस गं. ब्रेक तापले की काही खरं नाही. इंजिनाला धरू दे.” घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य कुणी ना कुणी कुणाला तरी ऐकवलेलं असतं. पण काका पुढे एक जास्तीचं सांगत, ते मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. ते म्हणत, “चाक घट्ट आवळू नकोस. दोन बोटं जास्त सोड. घट्ट धरलंस तर तुला तुझाच हात लागेल, रस्ता लागणार नाही.” पुढे कितीतरी गाड्या चालवल्या, पण गाडी पारखायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. चाक हलकं धरायचं आणि काही येतंय का ते बघायचं.

काही गाड्यांत काहीच येत नाही.

त्याचं एक मोठं कारण पॉवर स्टिअरिंगच्या बदललेल्या पद्धतीत आहे. पूर्वी मदत तेलाच्या दाबानं व्हायची. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरायचा, चाक वळवलं की स्टिअरिंगच्या दांड्यातली एक बारीक सळई पिळली जायची आणि तेवढ्यानं तेलाची वाट उघडायची. रस्त्याकडून येणारे धक्केही त्याच वाटेनं थोडेफार परत यायचे. पंप सतत फिरत असल्यामुळे इंधन मात्र वाया जायचं. मग विजेची मोटर आली. सुझुकीनं १९८८ मध्येच सर्वो या आपल्या छोट्या गाडीत ती बसवली होती, आणि पुढच्या पंचवीसएक वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी तीच धरली. इंधन वाचतं, पार्किंगमध्ये चाक बोटानं फिरतं, गाडीला स्वतः लेन धरता येते. हे फायदे खरे आहेत. पण मोटर, तिचे दाते आणि तिची स्वतःची जडता यांतून रस्त्याची बारीक थरथर वर येताना गाळली जाते. किती वजन हाताला द्यायचं हे मग कॉम्प्युटर ठरवतो. त्यानं दिलेलं वजन छान असतं, एकसारखं असतं, फक्त ते टायरकडून आलेलंच असेल याची खात्री नसते. २०११ साली पोर्शनं ९११ च्या नव्या पिढीत विजेचं स्टिअरिंग आणलं तेव्हा गाडीवर जीव टाकणाऱ्या लोकांनी जगभर केवढी चर्चा केली. बाहेरच्या माणसाला तो हट्ट वाटला असेल. मला त्यांचं दुःख पूर्ण समजतं.

विजेचं स्टिअरिंग म्हणजे वाईटच असंही नाही. मोटर दांड्यावर न बसवता खाली रॅकवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दांडीवर बसवली, घर्षण कमी ठेवलं, मदत अतिरेकी केली नाही, तर बरंच काही वर येतं. अलीकडच्या काही गाड्यांत ते आलेलं मी अनुभवलं आहे. प्रश्न बनवणाऱ्यांनी त्यासाठी वेळ दिला की नाही, एवढाच असतो.

माझी स्वतःची गाडी फियाट पुंटो. भारतात ती २००९ मध्ये आली आणि पुण्याजवळ रांजणगावला बनली. हेच मॉडेल युरोपात विजेच्या स्टिअरिंगवर विकलं जात होतं, रांजणगावच्या गाडीला मात्र तेलाचं दिलं. त्या निर्णयामागे काय हिशेब होता कोण जाणे, पण त्यामुळे इथल्या मध्यमवर्गीय माणसाला साध्या हॅचबॅकच्या किमतीत एक असं स्टिअरिंग मिळालं की ज्यासाठी लोक पुढे जुन्या पुंटो शोधत फिरले. इंजिन १.३ लीटरचं मल्टिजेट डिझेल, म्हणजे तेच, जे आपल्याकडे मारुतीच्या, टाटांच्या आणि फियाटच्या मिळून कितीतरी गाड्यांत बसलं. माझ्या गाडीत ते ७६ घोड्यांचं आहे. आजच्या हिशेबानं ही ताकद किरकोळ.

आणि तरी त्या गाडीत कुंभार्ली चढताना जे होतं ते सांगायला हवं. पोफळी मागे पडली की रस्ता चढायला लागतो. पावसाळा संपतानाचे दिवस, रस्ता ओला पण पाऊस नाही, डाव्या अंगाला कातळावरून झिरपणारं पाणी, उजवीकडे दरी. समोर एक आवळलेलं उजवं वळण दिसतं. तिसऱ्या गिअरात गाडी पन्नासच्या आत. वळणाच्या आधी, रस्ता सरळ असतानाच, ब्रेक. पेडल थोडं खाली जातं, मग घट्ट होतं, आणि त्यानंतर जेवढा दाब देऊ तेवढाच वेग कमी होतो, पायानं मोजून घ्यावा असा. क्लच, दुसरा गिअर, आणि क्लच सोडायच्या आधी किंचित रेस, म्हणजे इंजिन आणि चाकं एका वेगाला येऊन भेटतात आणि गाडीला हिसका बसत नाही. हॉर्न. मग ब्रेक सोडत सोडत चाक वळवायचं. पहिल्या बोटभर फिरवण्यातच नाक वळायला लागतं. गाडी डावीकडे झुकते, झुकून एका जागी थांबते, आणि तिथे थांबली की पुढे झुकत नाही. हा थांबण्याचा क्षण मला फार आवडतो. गाडीनं आपलं वजन बाहेरच्या दोन चाकांवर नीट ठेवलं, आता ती तयार आहे, असं पाठीला, मांडीला, सगळ्या अंगाला कळतं.

वळणाच्या मध्यावर डांबर उखडलेलं आहे. पुढचं डावं चाक त्या खडबडीत जागेवरून जातं तेव्हा स्टिअरिंग हातात हलकेच थरथरतं आणि शांत होतं. दुरुस्ती करावी लागत नाही, गाडी बाहेर फेकली जात नाही, फक्त इथे रस्ता खराब आहे एवढं कळवून ती आपली रेघ धरून राहते. ओल्या जागी वजन थोडं उतरतं, तेही कळतं. मग वळण उघडायला लागतं आणि पाय खाली जातो. हे इंजिन १७५० आरपीएमच्या खाली शांत असतं आणि त्याच्या वर सगळा जोर लावतं, म्हणून दुसऱ्या गिअरात काटा दोन हजारांच्या पुढे राहील हे आधीच बघून ठेवलेलं असतं. ते जमलं की गाडी त्या चढावर अशी ओढून घेते की पुढचं वळण कधी येतंय असं होतं.

एवढ्या सगळ्यात वेग कुठेही पन्नासच्या वर गेलेला नाही. मागच्या सीटवर आई बसलेली असली तर तिची झोपही मोडत नाही, आणि मोडू नये यातच कसब आहे. घाटात गाडी भरधाव काढणाऱ्यांशी माझं नातं नाही. त्या रस्त्यावर भरलेले ट्रक असतात, एसट्या असतात, रस्त्याकडेला रानमेवा विकायला बसलेली माणसं असतात, आणि चढणाऱ्याला वाट द्यायची असते. ज्या गाडीत मजा यायला शंभरच्या पुढे जावं लागतं ती गाडी या रस्त्यांसाठी नाहीच.

अशी गाडी बनवणं हे शास्त्र आहे आणि त्याहून जास्त तारतम्य आहे. माझ्या मते त्यातला सगळ्यात चांगला धडा माझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचा. आपल्याकडे ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, मी ती परदेशात भाड्यानं घेऊन चालवली. १९८९ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हा १.६ लीटरचं इंजिन, ११५ घोडे आणि हजार किलोच्या आत वजन, एवढंच तिच्याकडे होतं. त्या काळातही या आकड्यांनी कुणी दबकलं नसतं. पण गाडी करणाऱ्यांनी बारकावे कुठे घातले ते बघा. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट तिच्या पोटात आहे. ती नसती तरी गाडी चालली असती. पण रेस दिल्यावर हे दोन भाग आपापल्या रबरी बुशांवर, म्हणजे आधाराच्या गाद्यांवर, थोडे पिळले जातात आणि जोर चाकांपर्यंत पोचायला एक निमिष उशीर होतो. ती चौकट तो पीळ थांबवते, त्यामुळे पाय हलला की गाडी हलते. गिअरचा दांडा आखूड, मनगटानं टाकता येईल असा. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं निम्मं. या साध्या गाडीनं २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. जगात इतक्या माणसांना दोन सीटांची, सामान न मावणारी गाडी हवीशी वाटली, हे मला मोठं आश्वासक वाटतं.

टोयोटानं २०१२ च्या जीटी ८६ मध्ये याहून धीट गोष्ट केली. दोनशे घोड्यांच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला त्यांनी २१५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे एखाद्या कौटुंबिक सेडानला शोभतील असेच टायर दिले. रुंद, चिकट टायर घातले असते तर गाडी वळणात जास्त वेगानं गेली असती आणि आकडे चांगले दिसले असते. पण मग पकड सुटण्याची मर्यादा इतकी वर गेली असती की सामान्य माणूस तिथे कधी पोचलाच नसता, आणि पोचला असता तर फार वेगात पोचला असता. त्यांनी मर्यादा मुद्दाम माणसाच्या आवाक्यात आणून ठेवली. आपल्याकडे नवी गाडी घेतल्याबरोबर मोठे रिम आणि रुंद टायर चढवायची हौस आहे. दिसायला गाडी भारदस्त दिसते हे खरंच. पण रुंद टायर रस्त्याच्या प्रत्येक खाचेमागे चाक ओढत नेतो, पातळ साईडवॉल खड्ड्यात रिम वाकवते, आणि ते आधी हलकं पडणारं स्टिअरिंग, तो निरोप, बहुतेक वेळा हरवून जातो. कंपनीनं महिनोन् महिने बसून जुळवलेलं गणित एका दुपारी मोडलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वजनाबद्दल थोडं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढे बरीच वर्षं तिचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. चाकं बारा इंचांची. माझी मावशी या गाडीवर शिकली आणि तिनं ती इतकी वर्षं चालवली की पुढच्या कुठल्याही गाडीत तिला रणगाड्यात बसल्यासारखं वाटतं. ८०० मध्ये पॉवर स्टिअरिंगची गरजच नव्हती, कारण वळवायला वजनच नव्हतं. ब्रेक लवकर लागत, टायर स्वस्तात येत, छोटं इंजिन पुरून उरे. वजन कमी असलं की गाडीतली प्रत्येक गोष्ट सोपी होते. इंग्लंडात लोटसनं १९९६ च्या एलिसमध्ये हेच टोकाला नेलं, ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून सांगाडा केला आणि गाडी साडेसातशे किलोंच्या आत ठेवली. गॉर्डन मरे यांनी १९९२ च्या मॅकलॅरन एफ १ मध्ये सहाशेच्या वर घोडे दिले, चालवणाऱ्याला मधोमध बसवलं, आणि पॉवर स्टिअरिंग व ब्रेक दाबायला मिळणारी सर्व्हो मदत ही दोन्ही गाळली, कारण हातापायांना खरं तेच कळावं.

आता ८०० सारखी गाडी पुन्हा येणार नाही, आणि येऊ नये. अपघातात माणूस वाचवायला पोलाद लागतं, एअरबॅगा लागतात, दारांत आडव्या पट्ट्या लागतात. माझी भाची ज्या गाडीत बसते ती पाच स्टारची असावी असं मलाही वाटतं. पण सगळं वाढलेलं वजन सुरक्षिततेचं नाही. त्यात उंची आहे, रुंदी आहे, काचेचं छप्पर आहे, विजेवर मागेपुढे होणाऱ्या सीटा आहेत. आणि उंच, जड गाडी वळणात स्थिर राहावी म्हणून सस्पेन्शन कडक करावं लागतं, कडक केलं की खड्डे कमरेला बसतात, मग ते मऊ वाटावं म्हणून आणखी काही बसवावं लागतं. या फेऱ्यात हातापर्यंत काही पोचायचं ते वाटेतच विरतं.

पायाकडचं मात्र फार कमी लोक बोलतात. बऱ्याच नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पहिल्या अर्ध्या इंचातच जोरात उसळी मारतो. शोरूममधून बाहेर काढताना पिकअप जबरदस्त आहे असं वाटतं. पुढे पेडल कितीही दाबलं तरी फारसं काही नसतं, सगळं सुरुवातीलाच देऊन झालेलं असतं. ब्रेकचंही तसंच, स्पर्श केला की गाडी नाक खाली घालते. हे पहिल्या पाच मिनिटांत चांगलं वाटतं आणि वाहतुकीत रोज छळतं, कारण पायाला बारकाईनं काही मागता येत नाही. चांगला तबलजी गायकाला साथ करताना त्याच्या लयीला धरून राहतो, त्याच्या आधी समेवर येत नाही. पेडलांनी तसं असावं. पाय जेवढा, उत्तर तेवढं, आणि ते दर वेळी तेवढंच.

ऑटोमॅटिकवर माझा राग नाही. पुण्यात युनिव्हर्सिटी चौकातून रोज जाणाऱ्या माणसानं डावा पाय का झिजवावा? इलेक्ट्रिक गाडी तर या एका बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. पाय हलला त्या क्षणी ती हलते, टर्बोची वाट बघावी लागत नाही, गिअर बदलताना मध्ये जोर तुटत नाही. घाट उतरताना पाय उचलला की मोटर गाडी धरून ठेवते आणि बॅटरी भरते. काकांचा इंजिन ब्रेकिंगचा नियम तिथे अगदी वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो, आणि ते मला मनापासून आवडलं. बॅटरी तळाशी असल्यानं गाडी झुकतेही कमी. पण ती बॅटरी काहीशे किलोंची असते, आणि आवळलेल्या वळणात ते वजन बाहेर ओढायला लागलं की टायर दमतात. हलकी, छोटी, थोडक्या पल्ल्याची आणि चांगल्या स्टिअरिंगची इलेक्ट्रिक गाडी कुणी मनावर घेऊन केली तर ती घेणाऱ्यांच्या रांगेत मी पुढे असेन.

बसण्याबद्दलही सांगायला हवं. पद्मिनीतून बाहेरचं जग अखंड दिसायचं, कारण काचेच्या बाजूचे खांब बारीक होते. आताचे खांब जाड, छप्पर तोलून धरायला आणि एअरबॅग मावायला ते जाड लागतात. पण घाटातल्या उजव्या वळणावर नेमकं त्या खांबामागे एसटीचं तोंड लपतं. काही गाड्यांत खांब मागे घेतलेला असतो, आरसा खाली दारावर बसवलेला असतो, आणि खांब-आरशामधल्या फटीतून रस्ता दिसतो. एवढ्याशा फटीनं मानेचे किती व्याप वाचतात! स्क्रीनचंही तसंच. एसीचा पंखा कमी करायला डोळे रस्त्यावरून काढावे लागत असतील तर ती सोय कसली? युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना स्पर्शानं कळणारी बटणं असण्याला महत्त्व दिलं, ते फार बरं झालं. हात न बघता जिथे पोचतो ते आपलं.

आणि हे सगळं टिकतं ते टायरमधल्या हवेवर. मी डिकीत स्वतःचं प्रेशर गेज ठेवते आणि टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी, हवा बघते. पेट्रोल पंपावर पोऱ्या “किती भरू ताई?” विचारतो आणि बरेच जण “बघ तूच, पस्तीस-छत्तीस” म्हणून मोकळे होतात. दारावर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेला आकडा कुणी वाचत नाही. तीन-चार पीएसआयच्या फरकानं स्टिअरिंगचं सगळं बोलणं बदलतं, कमी हवेत ते चिकट आणि उशिरा येतं, जास्त हवेत नुसतं तडतडतं. चाक गाडीला जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश झिजले, शॉकअप बसले, अलाइनमेंट गेली, तर कितीही चांगली गाडी मुकी होते. पुष्कळ लोक ज्या गाडीला कंटाळून ती विकतात तिला खरं म्हणजे चार बुश आणि दोन शॉकअप हवे असतात. कोथरूडमध्ये माझा एक टायरवाला आहे, तो अलाइनमेंट झाली की कॉम्प्युटरवरचे हिरवे आकडे दाखवून थांबत नाही, स्वतः एक चक्कर मारून येतो आणि चाक हलकं धरून बघतो. त्याच्याकडे मी पुण्याच्या दुसऱ्या टोकाहूनही गेले असते.

पुंटो आता म्हातारी होत चालली आहे. फियाटनं भारतात गाड्या बनवणं थांबवूनही काही वर्षं झाली, सुटे भाग शोधावे लागतात, आणि घरचे नव्या गाडीचं नाव काढायला लागलेत. म्हणून सध्या शनिवारी-रविवारी टेस्ट ड्राइव्ह चालू आहेत. शोरूमची ठरलेली वाट असते, हायवेला लागायचं, एक यू टर्न, परत. त्यात काही कळत नाही. मी आधीच फोनवर सांगून ठेवते की तासभर हवा आणि कात्रजचा जुना घाट हवा. गाडीत बसल्यावर प्रथम गाणी बंद, पंखा बंद. आधी खराब रस्त्यावर तिशीच्या वेगानं, खड्ड्यातून गेल्यावर गाडी एकदा हलून थांबते की हेलकावे घेत राहते ते बघायला. मग घाट. सेल्समन शेजारून सनरूफ, सहा एअरबॅगा, वायरलेस चार्जिंग सांगत असतो, मुलगा चांगला असतो, त्याला त्याचं काम करू द्यावं. मी दोन बोटं जास्त सोडून चाक धरते आणि पहिल्या वळणाची वाट बघते. आतापर्यंत एका छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ते वजन हातात आलं, आणि ओल्या जागी थोडं उतरलंही. पुढच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा मागितली आहे, या वेळी आईला मागे बसवून.